दुपारीच बसणारे चंबू

सोमवारी दुपारी साडेचार वाजता भट्टीचं दार उघडलं, तेव्हा आतले सगळे चंबू बसले होते. कोणाची मान कलली होती, कोणाचं पोट सुटलं होतं, आणि प्रत्येकाच्या बुडावर खालच्या जाळीचे चौकोन उमटले होते. काच तापत होती तोवर मीटरवरचा आकडा मात्र पाचशे चाळीसवरून हलला नव्हता. तेवढाच हवा होता.

मंगळवारी दुपारी त्यातलाच एक चंबू काचकारखान्याच्या मालकांनी टेबलावर ठेवला. समोर वहिनी बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी मांडीवर पिशवी घेऊन भावजी.

वहिनी खाजगी चौकशीची कामं घेत. भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. स्कूटर चालवणं, पिशवी सांभाळणं आणि चुकीचा तर्क सगळ्यांच्या आधी मांडणं, एवढं त्यांच्याकडे होतं. शेवटचं काम वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे. भावजींना ते मान्य नव्हतं.

"फुंकलेली काच एकदम गार झाली की तडकते," मालक म्हणाले. "म्हणून ती भट्टीत पाचशे चाळीस अंशांवर ठेवायची, मग हळूहळू गार करायची. धग वाढली तर काच मऊ पडते. मग हे असं ध्यान बाहेर येतं."

"आणि मीटरवर धग वाढलेली दिसलीच नाही?"

"नाही ना. तो काय मीटर, समोरच आहे की."

मीटर मालकांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर होता. चौकोनी काळी डबी, तिच्यावर आकड्यांच्या दोन ओळी. वरची लाल ओळ भट्टी किती तापली आहे ते सांगत होती, खालची हिरवी किती तापायला हवी ते. दोन्हीकडे ५४०. बाजूला हीटरचा बारीक दिवा लुकलुकत होता. केबिनमधल्या एसीनं भावजींना अगदी सासुरवाडीला आल्यासारखं वाटत होतं.

"आज दुपारचा माल टाकलाच नाही. तुम्हाला बघता यावी म्हणून भट्टी रिकामीच चालू ठेवली आहे," मालक म्हणाले. "ताई, सरळ सांगतो. सकाळची पाळी माझ्या जावयाची. त्याचा माल एकदाही बिघडला नाही. दुपारची पाळी पुतण्याची. त्याच्याच हातून चंबू बसतात. मध्ये एक दिवस मी पाळ्या बदलल्या. दुपारी जावई उभा राहिला आणि माल चोख निघाला. आता बोला."

"पुतण्या मीटरचं सेटिंग बदलत असेल," भावजी लगेच बोलले.

"सेटिंगला पासवर्ड आहे, तो फक्त मला ठाऊक आहे. पण भट्टीच्या मागून धग मोजणाऱ्या सेन्सरची सळई आत जाते. ती वीतभर बाहेर ओढली की तिला खरी धग लागतच नाही. मीटरला वाटतं भट्टी गार आहे, तो हीटर चालूच ठेवतो."

"मीटर बदलून पाहिलात?" वहिनींनी विचारलं.

"नवा बसवला. सळईसुद्धा नवी घातली. फरक शून्य."

"आणि सकाळी, भट्टी पेटवायच्या आधी?"

"तेव्हा मीटर आणि भट्टीजवळचं थर्मामीटर अगदी सारखं दाखवतात. मी स्वतः बघतो. म्हणजे खोट यंत्रात नाही, माणसात आहे."

"मीटर पहिल्यापासून या केबिनमध्येच आहे का?"

मालक जरा घुटमळले. "पूर्वी भट्टीशेजारी होता. माझा भाऊ गेल्यापासून पुतण्या थोडा आपल्या मनाचं करायला लागला. म्हटलं, आकडा आपल्या डोळ्यांसमोर असावा. मागच्या महिन्यात इकडे आणला."

"आणि चंबू कधीपासून बसायला लागले?"

"त्यानंतरच. राग आला असणार त्याला." मालकांनी चंबू हातात घेऊन परत ठेवला. "संध्याकाळी त्याला सांगणार आहे, उद्यापासून येऊ नकोस. ही भट्टी मी आणि भावानं मिळून उभी केली, ताई. पुरावा नसताना त्याच्या पोराला काढलं तर भावजयीला कोणतं तोंड दाखवू? मला पुरावा द्या."

पुतण्या भट्टीपाशीच होता. तिशीतला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. वहिनींनी ओळख सांगितल्यावर त्यानं नुसती मान हलवली.

"सळई ओढलीत म्हणतात," वहिनी म्हणाल्या.

"या मागे."

भट्टीच्या मागे जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा होती. भिंतीवर चार भोकं आणि एक उजळ चौकोन होता; मीटरची जुनी जागा. भट्टीतून सळई बाहेर येत होती आणि तिच्या टोकाला झाकणाची लोखंडी डबी होती. सळई धरून ठेवणाऱ्या नटावर पांढरा रंग फासलेला.

"नवी सळई बसवली तेव्हा मीच वायरमनला रंग लावायला सांगितला. माझ्यावर संशय आहे हे मला दिसत होतं. नट सैल केला असता तर रंग फुटला असता. बघा."

रंगाला तडासुद्धा नव्हता. भावजींनी खात्री करायला हात पुढे केला, तो डबीला लागला, आणि ते बोट तोंडात घालून मागे आले.

"एवढी तापते?" वहिनींनी विचारलं.

"दुपारी तापते. सकाळी भट्टीचं अंगच गार असतं. पहिला माल निघेपर्यंत त्यात धग मुरते, मग ही पण तापते."

डबीतून दोन लाल, जाडजूड वायरी निघून छताकडे गेल्या होत्या.

"काकांना हा नट दाखवलात?"

"दाखवला. म्हणाले, रंग परत लावता येतो." तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "बाई, किल्ल्या मी त्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्यात. ते संध्याकाळी काय सांगणार ते कळलंय मला. तोपर्यंत कशाला थांबू? लहानपणी ज्यांनी मला इथेच काच फुंकायला शिकवली, त्यांच्याच तोंडून 'येऊ नकोस' ऐकायचं नाही मला."

"थोडं थांबा."

"महिनाभर थांबलो की," तो म्हणाला, आणि खुंटीवरचा शर्ट घेऊन निघून गेला.

जावईबापू गोदामात होते. तुळतुळीत दाढी, बोलणं लोण्यासारखं. खरेदीही तेच बघत.

"मेहुण्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही," ते म्हणाले. "पण लक्ष लागतं हो भट्टीकडे. त्या दिवशी दुपारी मी उभा राहिलो, तर दारासमोरून हललो नाही. घामानं नुसता निथळत होतो. माल कसा निघाला, विचारा कोणालाही."

"मागे जाऊन सळई नाही पाहिलीत?"

"मागे माझं काय काम?"

बाहेर आल्यावर भावजी म्हणाले, "माणूस कष्टाळू आहे हां, वहिनी."

"घामाळू तर नक्कीच आहे."

पॅकिंगच्या मावशी खोक्यांत भुसा भरत होत्या. त्यांच्या शेजारी उंच दांड्याचा पंखा घरघरत होता.

"जावईबापूंच्या दुपारच्या पाळीचा दिवस आठवतो का?" वहिनींनी विचारलं.

"न आठवायला काय झालं! आमचा हा पंखा उचलून नेला की त्यांनी. दुपारभर आम्ही उकडलेल्या बटाट्यासारख्या बसलो होतो."

"गरम होत असेल त्यांना," भावजी म्हणाले.

"त्यांना? पंखा भट्टीच्या मागे ठेवला होता, तोंड भट्टीकडे करून. तिथे झुरळसुद्धा थांबत नाही. मी म्हटलं, भट्टीला वारा घालताय का जावईबापू? तर म्हणाले, मावशी, तुम्ही खोकी भरा."

वायरमन अंगणात शिडी दुमडत होता. मीटर हलवायचं काम त्याचंच.

"वायर पूर्ण नवी टाकली, बाई. मध्ये एक जोड नाही. अस्सल तांबं! जुनी होती ती बारीक, कडक, दोन रंगांची. तिला कोण वायर म्हणेल?"

"मग तसलीच का नाही आणली?"

"मी विचारलं होतं ना. जुनी लांबीला कमी पडली, म्हणून जावईबापूंना म्हटलं, हिच्यासारखीच आणा. त्यांनी माझ्यासमोर मीटरच्या दुकानात फोन लावला. बराच वेळ हूं हूं केलं. मग म्हणाले, तसली यायला आठवडा लागेल, मामांना मीटर आजच केबिनमध्ये हवाय, साधी टाका. वायर ती वायर."

वहिनी एकट्याच फाटकापर्यंत गेल्या आणि कोणाला तरी फोन केला. परत आल्या तेव्हा त्यांची चाल बदललेली होती. ही चाल भावजींच्या ओळखीची होती. त्यांच्या मनातल्या प्रत्येक तर्काची ती आजवर वाट लावत आली होती.

"तरी मी सांगतो," ते घाईनं म्हणाले. "वायरमनच."

"मावशींकडून पंखा घेऊन या," वहिनी म्हणाल्या. "भट्टीमागे ठेवा. तोंड त्या डबीकडे. चालू करा आणि केबिनमध्ये या."

भावजी धापा टाकत केबिनमध्ये पोचले, तेव्हा मालक, जावईबापू आणि वायरमन मीटरकडे बघत उभे होते. ५४०.

"बघत राहा," वहिनी म्हणाल्या. "भट्टीचं दार बंद आहे. सेटिंगला कोणी हात लावलेला नाही. बाहेर फक्त एक पंखा चालू झालाय."

काही वेळ काहीच झालं नाही. मग लाल ओळ ५४१ झाली. ५४४. हीटरचा दिवा विझला. ५५०.

"गार वारा घातला आणि आकडा चढला?" मालक उठून उभे राहिले. "उतरायला हवा ना?"

"तुम्ही मीटर बदललात, सळई बदललीत. तरी दोष राहिला. मग दोघांच्या मध्ये काय उरलं?"

"वायर," भावजी म्हणाले, आणि आपण बरोबर बोललो हे कळून त्यांनाच धक्का बसला.

"वायर. ही सळई थेट तापमान सांगत नाही, फरक सांगते. आतलं टोक किती गरम आणि तिच्या खास धातूची वायर जिथे संपते तिथे किती गरम, या दोन्हींतला फरक. मीटर त्या फरकात स्वतःच्या जागेचं तापमान मिळवतो आणि आकडा दाखवतो. खास वायर मीटरपर्यंत आली तर हिशेब चोख. पण इथे ती त्या डबीतच संपते. पुढे साधं तांबं आहे."

वायरमननं डोक्याला हात लावला.

"सकाळी डबी गार, केबिन गार. हिशेब जुळतो, म्हणून तुमचं थर्मामीटरही जुळतं. दुपारी डबी तापते, म्हणजे फरक कमी होतो. मीटर मात्र इथल्या एसीतलं तापमान मिळवत बसतो. आकडा कमी येतो, हीटर चालू राहतो, आणि पाचशे चाळीस दिसत असताना भट्टी पन्नास अंशांनी पुढे गेलेली असते. आता पंख्यानं डबी गार होतेय, म्हणून मीटर थोडंथोडं खरं बोलायला लागलाय."

"म्हणजे दुपारी कोणीही उभा राहिला असता तरी..." मालकांचं वाक्य अर्धंच राहिलं. "पण जावयाचा माल?"

"त्या दुपारी हाच पंखा त्याच जागी होता. मावशींना विचारा. हे स्वतः म्हणाले, दारासमोरून हललो नाही, घामानं निथळत होतो. मग पंखा कोणासाठी? भट्टीमागे वारा फक्त त्या डबीलाच हवा होता, आणि हे ज्याला ठाऊक होतं तोच पंखा तिथे नेणार. मी मघाशी दुकानात फोन केला. दुकानदाराला तुमचा फोन आठवतोय, जावईबापू. त्यानं सांगितलं होतं, साधी वायर टाकू नका. अडलंच तर खास वायर येईपर्यंत डबी गार ठेवा."

जावईबापूंचा चेहरा उतरला. "मामांना त्याच दिवशी हवा होता मीटर. मी म्हटलं, आठवड्याचा तर प्रश्न आहे. मी कोणाचं काही बिघडवलं नाही."

"बरोबर. तुम्ही काहीच केलं नाहीत. माल बिघडायला लागला तेव्हा बोलला नाहीत, तसली वायरही मागवली नाहीत, आणि नाव दुसऱ्याचं आलं तेव्हा गप्प बसलात."

"मामा, तुम्हीच तर म्हणत होता की तो मुद्दाम..."

"मी म्हणत होतो," मालक म्हणाले. ते मीटरकडे बघत होते. ५५९. "तू मला म्हणू दिलंस." मग त्यांनी ड्रॉवर उघडला. आत पुतण्याच्या किल्ल्या होत्या. त्यांनी लगेच फोन उचलला.

पुतण्याचा फोन वाजत राहिला. दुसऱ्यांदा वाजला. तिसऱ्यांदा बंद लागला.

"मला भावजयीकडे सोडता का?" मालकांनी विचारलं. स्कूटरवर तिघं मावणार नव्हते. वहिनी रिक्षानं गेल्या, आणि भावजींनी मालकांना मागे बसवलं. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "नट दाखवला होता हो त्यानं मला."

दार भावजयीनं उघडलं. दिराला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पण दारातून बाजूला झाली नाही.

"घरी नाही तो. कोणाच्या तरी ओळखीनं काम बघायला गेलाय. पलीकडच्या गावचा काचकारखाना म्हणाला."

"चूक माझी झाली," मालक म्हणाले. "त्याच्या हातून काही झालं नव्हतं."

"हे मला कशाला सांगता? मला माहीत होतं." मग ती बाजूला झाली. "बसायचं तर बसा."

भावजी आणि वहिनी समोरच्या कट्ट्यावर थांबले. खिडकीतून मालक दिसत होते. खुर्चीच्या कडेला बसलेले, पुढ्यात चहा.

"येईल ना तो परत, कारखान्यात?" भावजींनी विचारलं.

"हे पंखा लावून नाही कळत, भावजी."

भट्टी बंद केल्याचा वायरमनचा फोन येऊन गेला. खास वायर आता दुकानात आलेली होती, ती उद्या दुपारी पोचणार होती. सात वाजता दिवे लागले, तेव्हा मालकांच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली होती आणि पुतण्या अजून घरी आलेला नव्हता.