सामाईक गुणगुण

मूळ ध्वनी

संस्थेच्या तळघरातला ध्वनिकक्ष शीतयंत्राला लागूनच होता. 'शास्त्रज्ञ कसे झालो?' या पॉडकास्टचा प्रत्येक पाहुणा त्यामुळे पिठाच्या गिरणीत बसून बोलल्यासारखा ऐकू येई. श्रोते गळत चालले होते.

"माझी मुलाखत तरी स्वच्छ ऐकू आली पाहिजे," संचालक नांदगावकरांनी पॉडकास्ट करणाऱ्या शर्वाणीला बजावलं होतं. "नाहीतर बंद करा तुमचं दुकान!"

म्हणून तिने संस्थेतल्याच इरफान तांबोळीने बनवलेली ध्वनिगाळणी, म्हणजे आवाज साफ करणारी संगणकप्रणाली, मागवली.

"हिला गोंगाट ओळखता येतो?"

"नाही. जुने सगळे भाग मी तिला ऐकवलेत. सगळ्यांत सारखं ते यंत्राचं, ते काढायचं. वेगळं ते माणसाचं, ते ठेवायचं."

"झकास!"

गाळलेला ध्वनी

शर्वाणीने कानांवर श्रवणिका चढवल्या. शीतयंत्र गेलं होतं. संचालकही गेले होते.

लहानपणापासूनची विज्ञानाची आवड गेली. आईवडिलांचा पाठिंबा गेला. जिद्द, चिकाटी, सगळं गेलं. अख्ख्या मुलाखतीत एकच वाक्य उरलं होतं, पण काय खणखणीत!

"खरं सांगू? तिथल्या मेसमध्ये मासे फार छान मिळायचे, म्हणून पीएचडीला राहिलो."

"इरफान, अरे, साहेबांचं आयुष्य गोंगाटात गेलं!"

"ती अर्थही जुळवून बघते, हे सांगायचं राहिलं," इरफान म्हणाला. "पण चूक तिची नाही. सगळे तेच बोललेत."

"हे तू सांग साहेबांना!"

सांगावं शर्वाणीलाच लागलं. साहेबांनी ते वाक्य दोनदा ऐकलं. कान लाल झाले.

"मांदेली," ते हळूच म्हणाले. "कुरकुरीत. ...हेच लावा."

प्रसारित ध्वनी

भाग गाजला. दुकान वाचलं. मग पाहुणे तयारीनिशी येऊ लागले: कुणी मिसळीसाठी शास्त्रज्ञ झालेलं, कुणी वसतिगृहाच्या गरम पाण्यासाठी. गाळणी प्रत्येक भाग ऐकत होती, शिकत होती. हळूहळू तिने मिसळ आणि गरम पाणीही काढायला सुरुवात केली.

"आता रे?"

"आता मजा," इरफान म्हणाला.

पुढच्या पाहुण्या कीटकशास्त्रज्ञ रेणू वाघमोडे.

"या क्षेत्रात का आलात, रेणूताई?"

रेणूताईंनी तोंड उघडलं, मिटलं. खुर्ची करकरली. त्या छताकडे बघत राहिल्या, बराच वेळ. मग हसल्या.

"माहीत नाही गं."

गाळणीने रेणूताईंचं काहीच काढलं नाही, खुर्चीची करकरसुद्धा. प्रश्न ऐकून थांबलेलं माणूस तिने आजवर ऐकलंच नव्हतं.