सव्वा वाजताची लॅप

आधीच सांगते, यात एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. विश्वास ठेवायचा नसेल तर खुशाल ठेवू नका. मला कुणाची मनधरणी करायची नाही.

रात्र नव्हती. जंगल नव्हतं. शनिवार होता, भर दुपार, आभाळ गच्च भरलेलं. शहराबाहेरच्या रेसिंग ट्रॅकचं चौथं वळण. आणि मी.

मी गाड्यांच्या शर्यतींचे फोटो काढते. हे मला माझ्या मामाने शिकवलं. दोन वर्षांपूर्वी याच वळणावर सराव चालू असताना एक गाडी घसरत बाहेर आली आणि मामा गेला. ड्रायव्हर वाचला. त्याला काहीच आठवत नाही.

वळणाच्या बाहेरच्या बाजूला गवत आहे. ट्रॅकपासून वीस पावलांवर त्या गवतात एक पांढरी पट्टी मारलेली आहे. फोटोग्राफरने तिच्या मागे उभं राहायचं. क्लबच्या रिपोर्टात लिहिलं होतं, 'छायाचित्रकार पट्टी ओलांडून बारा पावले पुढे उभे होते.' खाली नकाशा. नकाशावर एक फुली.

खोटं!

मी पहिल्यांदा शर्यतीला गेले तेव्हा माझ्या बुटाचं टोक त्या पट्टीवर आलं होतं. फक्त टोक. मामाने माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला आणि दिवसभर मला पार्किंगमध्ये बसवून ठेवलं. मी रडले, भांडले, काही उपयोग झाला नाही. असा माणूस बारा पावलं पुढे जाईल?

पण मामीने रिपोर्ट मानला. मामाने काढलेले सगळे फोटो तिने भिंतीवरून उतरवले. "तुला शिस्त लावली आणि स्वतः पुढे जाऊन मेला," एवढंच एकदा म्हणाली. त्यानंतर घरात त्याचं नाव निघालं नाही. मला तेच सहन होत नव्हतं. क्लबने काय लिहायचं ते लिहावं, पण मामी त्याच्यावर रागावून राहिली होती आणि तो बिचारा उत्तर द्यायला नव्हता.

म्हणून मी त्या शनिवारी तिथे गेले.

आता त्या वळणावर 'छायाचित्रकारांना प्रवेश नाही' अशी पाटी आहे. जागा सुरक्षित होती, चूक मामाची होती, मग पाटी कशाला? सांगा ना.

तिथे झेंडा दाखवायला एक वयस्कर गृहस्थ असतात. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीकाका म्हणतात. मामाचे जुने दोस्त. रिपोर्टाखाली साक्षीदार म्हणून सही त्यांचीच.

"पाटी दिसत नाही का तुला?" ते म्हणाले.

"दिसते. वाचताही येते."

"मग?"

"मग काय, उभी राहते. उचलून टाका मला."

 "मामावर गेलीयेस अगदी," ते पुटपुटले. मग म्हणाले, "पट्टीच्या मागे राहा. आणि एक वाजता सुट्टी झाली की लगेच निघ."

"का?"

"जेवायला."

हे म्हणताना त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

सकाळभर मी पॅनिंगचा सराव केला. पॅनिंग म्हणजे काय, तर शटर मंद ठेवायचं आणि धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा. जमलं तर गाडी स्वच्छ येते आणि मागचं सगळं आडव्या रेघांत ओढलं जातं. पाय हलवायचे नाहीत. कंबर बिजागरीसारखी फिरली पाहिजे. बटण दाबल्यावर क्षणभर कॅमेऱ्यात अंधार होतो, काही दिसत नाही. तेव्हा डोळा कामाचा नाही. "आधी कानाने धर," मामा म्हणायचा. "आवाज जिकडे, तिकडे कंबर."

शंभर फोटोंतले चार बरे आले. मामा असता तर म्हणाला असता, तीन.

एक वाजला. लाल झेंडा. गाड्या एकेक करून गॅरेजमध्ये गेल्या. इंजिनं बंद झाली. सगळे जेवायला गेले.

मी नाही गेले.

मी नकाशा काढला, पावलं मोजली आणि त्या फुलीवर जाऊन उभी राहिले. ट्रॅक बंद होता, त्यामुळे धोका नव्हता. मला फक्त एक गोष्ट बघायची होती. मामाकडे त्या दिवशी लांब पल्ल्याची लेन्स होती, तीच मी लावली होती. फुलीवरून बघितलं तर फ्रेममध्ये गाडीचं नुसतं दार मावलं असतं! पूर्ण गाडी हवी तर पट्टीच्या मागेच जावं लागतं. शिकाऊ पोरालाही कळेल हे. तीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला कळत नव्हतं?

मी तिथे एकटीच मोठ्याने बोलले, "अरे, निदान खोटं तरी धड लिहा!"

आणि मग माझ्या लक्षात आलं...

कुठलाच आवाज येत नव्हता.

कुंपणावर सकाळपासून चिमण्या कलकलत होत्या. त्या नव्हत्या. झेंड्याची दोरी खांबावर टकटक करत होती. ती थांबली होती. गॅरेजमधला जनरेटर... तोही नाही.

मी घड्याळ बघितलं. सव्वा वाजला होता.

आणि लांबून... इंजिनाचा आवाज आला.

मला वाटलं कुणीतरी मागे राहिलाय. सुट्टीतही गाडी काढणारे हौशी असतात. आवाज तिसऱ्या वळणावर आला. गियर उतरले... एक, दोन. सवयीने मी कॅमेरा डोळ्याला लावला.

कॅमेऱ्यात ट्रॅक रिकामा होता.

पण आवाज समोर होता. अगदी समोर.

माझी कंबर फिरायला लागली. खरं सांगते, मी फिरवली नाही. आवाजाबरोबर ती आपोआप फिरली आणि बोटाने बटण दाबलं. कॅमेऱ्यात अंधार झाला. त्या अंधारात तो आवाज ट्रॅक सोडून गवतावर आला. टायर गवत फाडत जात होते. आवाज माझ्या बाजूने सरकला...

आणि माझ्या पाठीमागे गेला.

तिथे तो बंद झाला. एकदम.

मी पूर्ण वळले होते. माझं तोंड ट्रॅककडे नव्हतं. समोर गवत होतं आणि गवतात ती पांढरी पट्टी. ती गाडी, जी नव्हतीच, मला मागे टाकून थेट पट्टीपर्यंत गेली होती.

गवतावर टायरची खूण नव्हती.

 आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? पळाला असता. माझ्याही मनात आलं, कबूल करते. पण मला राग आला. इतका राग आला की भीतीला जागाच उरली नाही. रिपोर्ट म्हणत होता की गाडी फुलीपर्यंतच आली. मग ही पट्टीकडे काय करायला गेली?

मी चालत गेले आणि आवाज जिथे संपला होता, तिथे पट्टीच्या मागे जाऊन उभी राहिले. या ट्रॅकची एक लॅप, म्हणजे पूर्ण फेरी, साधारण सव्वा मिनिटाची. मी घड्याळाकडे बघत थांबले.

साठ सेकंद...

सत्तर...

पुन्हा तो आवाज.

तिसरं वळण. गियर उतरले... एक, दोन. मी पाय रोवले. कंबर फिरायला लागली. क्लिक. थोडी फिरली. क्लिक. आणि मग...

कंबर थांबली.

मी थांबवली नाही. ती थांबली.

जे बाजूने जातं त्याच्यामागे कॅमेरा फिरवावा लागतो. जे सरळ तुमच्या अंगावर येतं, त्याच्यासाठी फिरवावा लागत नाही. ते फ्रेमच्या मधोमध राहतं आणि फक्त मोठं होत जातं. आवाज एका जागी उभा होता आणि मोठा होत होता... मोठा होत होता...

मामालाही असंच कळलं असेल. त्याचीही कंबर अशीच थांबली असेल.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ओरडले, "ये! ये की! बघतेच मी!"

क्लिक.

अंधार झाला.

आवाज माझ्या गुडघ्यापर्यंत आला... आणि तुटला.

तापलेल्या ब्रेकचा वास. तोंडावर गरम हवा. बस. मी कॅमेरा खाली घेतला. ट्रॅक रिकामा. गवत जसंच्या तसं. कुंपणावर चिमण्या परत आल्या होत्या.

मी फोटो बघितले. पट्टीमागून काढलेले तीन होते. पहिल्यात मागचं सगळं लांब रेघांत ओढलेलं. दुसऱ्यात रेघा आखूड. तिसऱ्यात एकही रेघ नाही. रिकामा ट्रॅक, गवताचं पातं न् पातं स्वच्छ. त्या मंद शटरवर हातात धरलेल्या कॅमेऱ्याने असा फोटो येतच नाही. माझे हात तर कापत होते.

आणि फोटोच्या तळाशी, या लेन्समध्ये यायला नको होती तरी, माझ्या पुढ्यातली ती पांढरी पट्टी.

"ऐकलंस?"

मी दचकून वळले. शिट्टीकाका. हातात न उघडलेला डबा, चेहरा पांढराफटक.

"तुम्हालाही ऐकू येतं?"

"दर सरावाला येतं. याच वेळी. त्या दिवशी सुट्टी उशिरा झाली होती ना... सव्वा वाजला होता." त्यांनी डबा खाली ठेवला. "म्हणून मी जेवायला लांब जातो. आज तू दिसली नाहीस, म्हणून आलो."

"काका, मामा कुठे उभा होता?"

ते डबा उचलायला वाकले.

"काका, मी तुम्हाला विचारतेय."

"तू आहेस तिथेच," ते म्हणाले. "पट्टीच्या मागे. गाडी इथपर्यंत आली. क्लबने पट्टी फारच जवळ मारली होती, पोरी."

"आणि तुम्ही सही केलीत."

"क्लबच्या सचिवांनी कागद टाइप करून आणला होता. मी वाचला. आणि सही केली."

त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरंच वाटली. पण तो माणूस माझ्यासमोर लहान पोरासारखा रडत होता. मी त्यांच्या खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. "लिहा," म्हटलं. "आत्ता. इथेच."

त्यांनी डब्यावर कागद ठेवून सगळं लिहिलं. खाली सही केली.

संध्याकाळी मी तो कागद मामीसमोर ठेवला. तिने दोनदा वाचला. मग मी तिला ते तीन फोटो दाखवले आणि रेघा का आखूड झाल्या ते समजावलं. हसेल, वेड्यात काढेल असं वाटलं होतं. ती तिसऱ्या फोटोवर बोट ठेवून बसून राहिली.

"दोन वर्षं मी त्याला शिव्या घातल्या गं," ती म्हणाली. "रोज."

 मग उठून तोंड धुऊन आली. "मला तिथे घेऊन चल."

"मामी, ते..."

"चल म्हटलं ना. तो पळाला नाही तर मी कशाला पळू?"

काकांच्या कागदाची प्रत आम्ही क्लबला पाठवली. त्यांचं उत्तर आलं आहे, 'प्रकरण विचाराधीन आहे.' करू देत विचार. रिपोर्टातलं ते 'बारा पावले'चं वाक्य खोडेपर्यंत आम्ही दोघी प्रत्येक सरावाला जातो. सव्वा वाजता पट्टीच्या मागे उभ्या राहतो. आम्हाला हटवायची कुणाची हिंमत होत नाही. शिट्टीकाका आता लांब जात नाहीत. तेही आमच्या शेजारी उभे राहतात.

मामी म्हणते, तिला काही ऐकू येत नाही. पण पहिल्याच दिवशी, वारा पडलेला असताना, तिच्या हातातला काकांचा कागद, समोरून झोत यावा तसा, तिच्या छातीला घट्ट चिकटला होता.

मला वाटलं होतं, खरं काय ते आम्हाला कळलं की हे थांबेल. खरं सांगण्यासाठीच तर येत असेल ना ते?

थांबलं नाही.

आणि गेल्या शनिवारी एक गोष्ट झाली. मी मामीला अजून सांगितलेली नाही. आवाज नेहमीसारखा लांबून आला. मी कॅमेरा लावला, पाय रोवले, कंबर फिरायची वाट बघितली...

ती फिरलीच नाही.

तिसऱ्या वळणावर नाही, चौथ्यावर नाही. आवाज अगदी बारीक होता, ट्रॅकच्या पार पलीकडे होता, तेव्हापासूनच तो फ्रेमच्या मधोमध होता. म्हणजे आता ते वळण घेऊन येत नाही. निघतंच आमच्याकडे तोंड करून.

का, ते मला माहीत नाही. खोटं सांगणार नाही, त्या रात्री मला झोप लागली नाही.

परवा पुन्हा सराव आहे. मामीने आत्ताच फोन करून विचारलं, किती वाजता निघायचं. मी म्हटलं, बाराला.