सहा चाळीसचे तीन ठोके

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सहा नंबरच्या घराकडून तीन ठोके आले. मी पाच नंबरमध्ये राहतो. सहा नंबरमध्ये माझी थोरली बहीण राहते, असं त्या सकाळी मी समजत होतो.

बंदराकडे तोंड करून एका ओळीत नऊ घरं आहेत. दुमजली, अरुंद, दोन घरांत मिळून एकच भिंत. जुन्या वास्तूंच्या वारसा यादीत नाव लागल्याची निळी पाटी प्रत्येक दारावर आहे. खाऱ्या हवेने कठडे कुरतडले आहेत. पाट्या तेवढ्या नव्या.

ठोक्यांची पद्धत पाट्यांहून जुनी. घरातले कर्ते बोटींवर असायचे, तेव्हाची. नऊ नंबरने आठच्या भिंतीवर तीन ठोके द्यायचे, आठने सातच्या, असं एक नंबरपर्यंत. ठोके थांबले की शेजाऱ्यांनी धावायचं. सहा वर्षांपूर्वी ते आमच्या घरात थांबले. बाबा खुर्चीतच गेले होते. सगळ्यांत आधी ताई धावत आली.

ताईचे ठोके मी झोपेतही ओळखतो. दोन बोटांचे, दबके. तिसरा अंगठीचा, टणक. माझे तिन्ही पेनच्या टोपणाचे. वर्तमानपत्राची नोकरी, दुपारी जायचं, मध्यरात्री यायचं. ठोके आले म्हणजे ताई आहे. दार वाजवून बघायची गरजच पडत नसे.

त्या दिवशी अकरा वाजता वारसा खात्याची, ताबा सोडलेल्या घरांची यादी हाती आली. खात्याला ही ओळ रिकामी हवी होती. नियम असा, की नऊही कुटुंबं राहती असेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. एकाने जरी ताबा सोडला, तर बाकीच्यांनाही जावं लागतं. कुणी सोडायचं नाही, हे ताईच्याच स्वयंपाकघरात ठरलं होतं. तिनेच नऊ जणांच्या सह्या घेतल्या होत्या.

यादीत एकच नोंद होती. घर सहा, ताबा सोडल्याची तारीख चार. तीन आठवडे झाले होते. खाली सही, शेवटच्या अक्षराचा फाटा लांब ओढलेला. सही ताईचीच.

मी फोन लावला.

"कुठे आहेस?"

"लेकीकडे. कळलं वाटतं बातमीदाराला."

"ताई, आम्हा आठ जणांचं काय?"

"गुडघे गेले रे माझे. तो जिना चढून दाखव तू साठीनंतर."

"एका शब्दाने सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू मला अडवलं असतंस. आणि मी थांबले असते."

मी विचारलं, "मग सकाळी तुझ्या घरातून ठोके कोण देतं?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"आजही आले, ताई. तिसरा अंगठीचा."

"अंगठी बाबा गेले त्याच महिन्यात कापून काढली. बोट सुजलं होतं."

"आणि ठोके?"

"त्याच सुमारास एक दिवस द्यायचे विसरले." तिचा आवाज खाली आला. "ते तरीही तुझ्याकडे गेले. माझ्यासमोर, माझ्या भिंतीतून. मग मी देणंच सोडलं."

"सहा वर्षं?"

"तुला काय सांगणार होते? तू त्याचीही बातमी केली असतीस."

दुपारी खात्याच्या पहारेकऱ्याने सहा नंबर उघडून दिलं. खोल्या रिकाम्या. जमिनीवर धुळीचा सलग थर, त्यावर पाऊल नाही. आमच्या सामाईक भिंतीवर छातीच्या उंचीवर गिलावा निघाला होता आणि उघड्या विटेत वाटीएवढा खळगा पडला होता. मी बोट फिरवलं. खळगा गुळगुळीत होता. त्यात धूळ नव्हती.

बुधवारी सकाळी साडेसहाला मी माझ्या घराला कुलूप लावलं आणि चार नंबरमध्ये गेलो. तिथे शिडं शिवणारे काका एकटे राहतात. त्यांना काहीच सांगितलं नाही.

"आज इकडे कुठे वाट चुकलास?" म्हणत त्यांनी चहा ओतला.

सहा चाळीस झाले.

भिंतीपलीकडून, माझ्या कुलूपबंद घरातून, तीन ठोके आले. टोपणाचे.

काका सवयीने उठले. तीनच्या भिंतीवर ठोके देऊन परत बसले. कप उचलला. मग माझ्याकडे पाहिलं.

"तू तर इथे आहेस."

मी खिसा चाचपला. पेन होतं. टोपणही.

"तिकडे कोण आहे रे?"



त्या दिवसापासून मी ठोके दिलेले नाहीत. शुक्रवारी उरलेल्या आठही घरांना नोटिसा आल्या. पुढच्या महिनाअखेरची मुदत आहे. ताईचा फोन मी उचलत नाही. शनिवार-रविवार मी गावाबाहेर होतो, घर बंद होतं. सोमवारी काकांना विचारलं.

दोन्ही दिवस ठोके वेळेवर आले. कुणालाही माझ्या दाराशी यावं लागलं नाही.