वाजवून बघणारं कुणीतरी

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांना खुशाल वाटू दे. त्यांची समजूत काढत बसायला इथे कुणाला वेळ नाही.

आणखी एक. भूत रात्रीच येतं, अमावास्येलाच येतं आणि केस मोकळे सोडूनच येतं, असं ज्यांचं ठाम मत आहे त्यांनी इथेच थांबावं. हे भर दुपारी घडलं. बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. आणि आमची आत्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलाशी गणिताचे पेपर तपासत बसली होती.

पण आधी त्या जीपबद्दल सांगायला हवं.

आत्या शाळेत गणित शिकवते. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी ती घरी एकटीच असते. तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, विमा कंपनीत साहेब आहेत. लेक बबडी कॉलेजात जाते. घर गल्लीच्या टोकाला. स्वयंपाकघराला लागून एक शेड आहे, मधे एकच भिंत आणि त्या भिंतीत एक छोटी खिडकी.

या शेडमध्ये आतोबांनी एके दिवशी जुनी जीप आणून उभी केली. उभी केली म्हणजे टेम्पोतून उतरवून आत ढकलली. डोंगर, नदी, चिखल, कुठेही जाणारी गाडी होती म्हणे. गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत काही तिला येता आलं नाही.

"अहो, हे काय भंगार उचलून आणलंत?"

"भंगार? क्लासिक आहे ती! असली गाडी आता बनत नाही."

"बनत नाही तेच बरं आहे."

"बघच तू. सगळी मी घरी नीट करणार. स्वतःच्या हातांनी."

आत्याने त्या हातांकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून त्या हातांनी एक बल्ब बदलला होता, आणि तो काढताना फोडला होता.

हौसेला मोल नाही म्हणतात. अक्कलही नसते, हे कुणी म्हणत नाही. आतोबांनी सगळ्यात आधी काय आणलं असेल? पाना? जॅक? छे. निळा बॉयलर सूट आणला. तो घालून आरशासमोर उभे राहिले. मग बॉनेटवर मोबाईल टेकवून व्हिडिओ बघायला लागले. बघायचे, थांबवायचे, पुन्हा बघायचे, आणि व्हिडिओतला माणूस जे करू नका म्हणून सांगायचा, नेमकं तेवढंच करायचे.

जीपला गंजाने पार पोखरलं होतं. सडलेला पत्रा कापून टाकायचा आणि तिथे नवा वेल्डिंगने जोडायचा, ही सरळ रीत. पण त्याला वेल्डिंग यावं लागतं. धीर लागतो. आतोबांकडे दोन्ही नव्हतं. त्यांनी भोकांत पुट्टी भरली. वर पॉलिश पेपर मारला, त्यावर प्रायमर, त्यावर झकास हिरवा रंग.

बडा घर, पोकळ वासा.

"कशी दिसतेय?" आतोबांनी विचारलं.

"तुमच्यासारखी," आत्या म्हणाली. "वरून बरी."

आता ती दुपार. मंगळवार होता. आत्या सातवीचे पेपर तपासत होती. घरात चिटपाखरू नव्हतं.

आणि शेडमधून आवाज आला...

ठण्ण.

आत्याने मान वर केली.

ठण्ण... ठण्ण...

बाजारात मडकं घेताना आपण बोटाने वाजवून बघतो ना, तसं. कुणीतरी जीपच्या कडेकडेने सावकाश चालत, पत्रा वाजवत होतं.

ठण्ण... ठण्ण...

ठप्प.

आवाज थांबला. पुन्हा त्याच जागी आला. ठप्प.

आणि मग...

"च्च."

जिभेचा आवाज. सगळा पेपर कोरा ठेवणाऱ्या पोराकडे बघून आत्या वर्गात करते, तोच. इतका तोच, की आपणच केला की काय असं तिला क्षणभर वाटलं. पण तिचे ओठ मिटलेले होते.

ती उठली. खिडकीतून शेडमध्ये पाहिलं.

कुणी नव्हतं.

शेडला बाहेरून कुलूप होतं. किल्ली आतोबांच्या खिशात, आतोबा ऑफिसात. फरशीवर पुट्टीची पांढरी भुकटी पसरली होती. तिच्यावर आतोबांच्या चपलांचे ठसे उमटले होते.

दुसरे कुणाचेच नव्हते.

तुमच्या-आमच्यासारखं कुणी असतं तर पायात चपला न घालता गल्लीत पळालं असतं. आत्या परत येऊन खुर्चीत बसली. तिच्या अंगावर काटा आला होता, हे खरं. पण त्याहून खरं असं, की तिला बरं वाटलं होतं. या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या मताचं निघालं होतं.

दुसऱ्या दुपारी ती वाट बघत बसली.

ठण्ण... ठण्ण... ठप्प.

"च्च."

"हो ना," आत्या भिंतीकडे बघून म्हणाली. "मी पण तेच म्हणते."

पुढे पुढे तर गप्पाच सुरू झाल्या. "आज डावं दार बघा हो, कालच भरलंय," असं ती सांगायची. मग ठप्प... ठप्प... आणि च्च. "सांगत होते ना!" म्हणत आत्या खुशीत पुढचा पेपर ओढायची. त्या दिवसांत सातवीला मार्क बरे पडले.

आतोबांना यातलं काही ऐकू यायचं नाही. ते संध्याकाळी यायचे, सूट चढवायचे, शीळ घालत घासत बसायचे.

"डाव्या दारात काही दम नाही," आत्या जेवताना म्हणायची.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही बाई. मी आपली गणिताची मास्तरीण."

आणि मनात हसायची.

मग एक दिवस आवाज खालून आला.

जीपच्या खालून... अगदी जमिनीलगत. जणू कुणीतरी पाठीवर झोपून आत सरकलं होतं.

खाली असते ती चासी. गाडीचा कणाच म्हणा. इंजिन, चाकं, बसलेली माणसं, सगळा भार तिच्यावर. आतोबांनी तीही पुट्टी भरून काळ्या रंगाने रंगवली होती.

ठप्प.

ठप्प... ठप्प...

एकाच जागी. पुन्हा पुन्हा.

आत्या हातात लाल पेन धरून थांबली. आता च्च येईल. आत्ता येईल...

आलंच नाही.

नुसती शांतता. शेजारचा टीव्ही चालू होता, तरीही शांतता. आत्याने खुर्ची वळवून घेतली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला शेडकडे पाठ करून बसवेना.

चासी सडली आहे, हे तिला कळलं होतं. हे तिने त्याच संध्याकाळी आतोबांना सांगायला हवं होतं.

तिने सांगितलं नाही.

कारण रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा होता, डोंगरावरच्या मैदानात, घाट चढून. इंजिन तेवढं आतोबांनी मेकॅनिकला बोलावून चालू करून घेतलं होतं, आणि अख्ख्या ऑफिसला आमंत्रण दिलं होतं. आत्याने विचार केला, जाऊ दे. अर्ध्या घाटात गाडी बसकण मारेल, चारचौघांत नाक कापलं जाईल, मग ही थेरं बंद होतील. वाटेत बसलेली जीप, घामाघूम झालेले आतोबा, तोंड दाबून हसणारी ऑफिसची माणसं... हे चित्र तिने मनात इतक्यांदा रंगवलं, की घाटाला एका बाजूला दरी असते हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी बबडी गॉगल डोक्यावर चढवून स्वयंपाकघरात आली.

"आई, उद्या लवकर उठव हं. मी पण जातेय बाबांबरोबर."

आत्याच्या हातातला डाव तसाच राहिला.

"तू नाही जायचं."

"का पण? बाबांनी सीट खास माझ्यासाठी बसवलीय!"

"मी सांगते म्हणून."

आतोबा दारात आले. "पोरीला तरी सोड गं. मला नावं ठेवतेस तेवढी पुरेत की."

"गाडी सडलेली आहे तुमची. खालून."

"झालं सुरू! कधी वाकून बघितलंस? कुणी सांगितलं तुला?"

आत्या काय सांगणार होती? ती सरळ शेडमध्ये गेली. फळीवरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला, जीपच्या बाजूला गुडघे टेकले, आणि जिथून तो आवाज यायचा तिथे, चकचकीत काळ्या रंगावर, जोर लावला.

स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

तिने तो बाहेर ओढला. मागोमाग लाल भुगा सांडला. सांडतच राहिला.

बबडीने तोंडावर हात धरला. आतोबा तिथेच फरशीवर बसले. आता ओरडतील, असं आत्याला वाटलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही दिवस झाले."

"आणि बबडी आली नसती..." आतोबा त्या भुग्याकडे बघत होते. "उद्या मी एकटाच निघालो असतो, तर सांगितलं असतंस?"

आत्याने स्क्रू ड्रायव्हर पदराने पुसला आणि परत फळीवर ठेवला.

आतोबा उठले आणि आत जाऊन त्यांनी ऑफिसातल्या प्रत्येकाला स्वतः फोन केला. गाडी आतून सडलेली आहे, मी वरून रंगवली होती, असं सांगितलं. लोक हसले. त्यांनी ते ऐकून घेतलं.

मग त्यांनी सगळी पुट्टी खरवडून काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वेल्डिंग शिकले. हात भाजून घेतले. सडलेलं तेवढं कापलं, नवं जोडलं, चुकलं ते पुन्हा कापलं. आता ते शीळ घालत नव्हते. कशी दिसतेय, हेही आत्याला विचारत नव्हते. मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलणं उरलं होतं. आणि इतके दिवस दुपारी शेडमधूनही काही आवाज आला नाही.

काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला.

आत्या पेपर तपासत होती.

ठण्ण...

ठण्ण... ठण्ण... दार, मडगार्ड, बॉनेट. सगळीकडे खणखणीत. मग खाली, चासीवर.

ठण्ण.

आत्याचा जीव भांड्यात पडला. "घ्या," ती भिंतीकडे बघून म्हणाली, "आता नावं ठेवायला जागा नाही."



मग...

मधल्या भिंतीवर टकटक झाली. स्वयंपाकघराच्या बाजूने.

मग ओट्यावर. मग फळीवरच्या डब्यांवर, एकेक करत. ठण्ण... ठण्ण... समोर कुणी दिसत नव्हतं. आवाज मात्र सावकाश जवळ येत होता. टेबलाचा पाय. टेबलाची कड. तिच्या खुर्चीची पाठ.

आत्याला उठता येईना.

तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, कुणीतरी बोटाने हलकेच वाजवलं.

ठप्प.

माणसाच्या अंगाचा आवाज असाच यायचा, त्यात काय, असं तुम्ही म्हणाल. आत्याही स्वतःला हेच सांगते. पण ते बोट तिथून हललं नाही.

ठप्प... ठप्प...

एकाच जागी. पुन्हा पुन्हा.

मग थांबलं. आत्या डोळे गच्च मिटून वाट बघत राहिली. निदान च्च तरी म्हणा, असं ती मनात विनवत होती. तेवढं ऐकलं असतं तरी तिला धीर आला असता.

कुणी काही म्हणालं नाही.

डॉक्टरांना दाखवून झालं. त्यांनीही पाठीवर बोटं ठेवून वाजवून पाहिलं, छातीचे फोटो काढले. काही नाही, अगदी ठणठणीत आहात, म्हणाले. आत्याने बिल भरलं आणि ती घरी आली. त्या संध्याकाळी तिने पहिल्या दुपारपासूनचं सगळं, काही न लपवता, आतोबांना सांगितलं. आपण त्याच्याशी बोलायचो, हसायचो, हेही सांगितलं.

आतोबा हसले नाहीत. भूतबित काही नसतं, असंही म्हणाले नाहीत.

"अहो," आत्या म्हणाली, "तुम्ही बघा ना एकदा वाजवून. पक्कं काय नि पोकळ काय, तुम्हाला आता कळतं."

ती त्यांच्याकडे पाठ करून बसली. आतोबांनी हात उचलला. तो तिच्या पाठीपर्यंत पोचत आला होता. मग त्यांनी तो मागे घेतला.

"नको गं," ते म्हणाले. "मला पण तसंच ऐकू आलं तर?"

आणि ते उठून शेडमध्ये गेले.

यात कसला खुलासा नाही. शोधायचा तर ज्याने त्याने शोधावा. जीप अजून आहे आणि उत्तम चालते. आतोबा आणि बबडी तिच्यातून फिरायला जातात. आत्याला ते दर वेळी विचारतात, येतेस का म्हणून. ती नको म्हणते, त्या दोघांना फाटकापर्यंत सोडते, आणि आत येऊन पेपर घेऊन बसते, भिंतीला पाठ अगदी घट्ट टेकवून.