सोनगीरच्या तळघरातली पावलं

रात्रीची गोष्ट ऐकायला आला असाल, तर हिरमोड होईल. हे घडलं भर दुपारी. मागच्या मे महिन्यात, सोनगीरच्या अलीकडे, हायवेपासून आत असलेल्या एका बंद पडलेल्या भूकंपमापन केंद्रात.

आणि यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

ज्या बाईच्या बाबतीत घडलं, ती माझी चुलतबहीण. भूमिका. भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यांची टर उडवण्यात ही पुढे असायची.

आता नाही उडवत.

काम तसं साधं होतं. पूर्वी परदेशात कुठे जमिनीखाली अणुचाचणी झाली, की तो हादरा खडकांतून धावत काही मिनिटांत सोनगीरला पोचायचा. तिथल्या तळघरातली सुई थरथरायची आणि काजळी धरलेल्या काळ्या कागदावर पांढरी रेघ ओढायची. असे हजारो कागद गठ्ठ्यांमध्ये पडून होते. बोट लागलं तरी काजळी निघायची. कायमचे पुसले जाण्याआधी ते स्कॅन करायचं काम जळगावच्या एका कंपनीला मिळालं. कागद हलवायची सोय नव्हती, म्हणून भूमिका आणि तिचा सहकारी हितेंद्र स्कॅनर घेऊन तिथेच जाऊन बसले.

केंद्राच्या आवारात एक जुनं क्वार्टर होतं. त्यात प्रमिलाबाई राहायच्या. सत्तरीच्या पुढच्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. झाडलोट त्यांच्याकडेच.

पहिल्याच दिवशी भूमिका दचकली. मान वर केली तर बाई पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी...

कधी आली, कशी आली, काही कळलं नाही.

"अक्का, पाय तरी वाजवत जा हो!"

"सवयच नही, बेटा," प्रमिलाबाई हसल्या. "आठे केंद्रमा जोरमा चाललं की सुई हालस. मी लगीन करीसन उनू तवयपासून मिरची बी कुटेल नही. पाटावर वाटस."

त्यांचे मालक अभिमन त्याच केंद्रात निरीक्षक होते. रोज सकाळी तळघरात उतरून कागद बदलायचा, हे त्यांचं काम.

भूमिकाला लवकरच ते कागदावर भेटले. थट्टा नाही करत. कोणी तळघरात शिरलं की त्याची पावलंसुद्धा सुई टिपायची. अभिमन एका पायाने लंगडायचे. स्क्रीनवर मोठं केलं की दिसायचं... एक मोठा ठिपका, एक लहान. एक मोठा, एक लहान. मग तीन सारख्या खुणा. नवा कागद लावल्यावर थोड्या वेळाने ते पुन्हा खाली यायचे आणि यंत्राच्या सिमेंटच्या ओट्यावर बोटाच्या पेराने तीनदा ठोकायचे. सुई जिवंत आहे ना, ते बघायला.

मग पावलं परत जायची.

रोज असंच. भूमिकाला त्या माणसाचा लळाच लागला. कागद काचेवर ठेवला की ती हळूच म्हणायची, "या आबा."

आठवडाभराने दुपारी प्रमिलाबाई तिच्याशेजारी येऊन बसल्या.

"बेटा, कागदवर पाय उमटतस ना?"

"उमटतात की."

"मंग माले एक दखी दे." त्यांचा आवाज बारीक झाला. "मोठी चाचणी व्हयनी, त्या दिनले आमना मालक खाले गयात. परत दिसनातच नही. तळघर रिकामं. लोके म्हणतस पयी गयात माले सोडीसन. सुरतले दुसरी बाई शे म्हणे. पन त्यासन्या चपला दारमाच व्हत्यात! अनवाणी कोन सुरतले जास?"

भूमिकाने स्कॅनर थांबवला.

"त्या भाईर निंघनात का नही, तेवढं सांग. बठ्ठा जलम मी तेच इचारी राहयनू."

आता सांगा, नाही कसं म्हणणार?

तो कागद दुसऱ्या दिवशी सापडला. हितेंद्रने दोन्ही हातांनी अलगद काचेवर ठेवला. स्क्रीनवर रेघ उमटू लागली.

पावलं आली. मोठं, लहान. मोठं, लहान.

तीन ठोके.

मग थोडी शांत रेघ...

आणि चाचणीचा तो धक्का. कागदभर नुसता गोंधळ. हळूहळू तो विरला. रेघ पुन्हा सरळ झाली.

सरळच राहिली. कागद संपेपर्यंत.

परत जाणारी पावलं नव्हती.

हितेंद्र म्हणाला, "हादऱ्यात झाकली गेली असतील." पण त्याने भूमिकाकडे बघितलं नाही. हादरा विरल्यावर दिवसभराचा कागद कोरा होता, हे त्यालाही दिसत होतं.

भूमिकाने जे दिसलं ते सांगितलं. प्रमिलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. रडल्या, पण चेहरा असा निवळला की जणू डोक्यावरचा हंडा कोणी उतरवून घेतला.

"म्हणजे पयनात नही."

त्या उठल्या आणि तळघराच्या पायऱ्यांशी गेल्या. इतकी वर्षं कुजबुजत जगलेली ती बाई अंधारात मोठ्याने ओरडली, "अहो! आते चला घर!"

खालून काहीच आलं नाही.

नुसता गार वारा... मे महिन्यात.

पुढचं जे झालं, त्यात कोणाचा दोष काढावा? काम संपत आलं तसा आवार मोकळं करायचा आदेश आला. पुतण्या दीपक गाडी घेऊन आला आणि प्रमिलाबाईंना दोंडाईच्याला घेऊन गेला. जाताना त्यांनी एकच गाठोडं मांडीवर धरलं होतं. त्यात अभिमनच्या चपला होत्या.

"त्या निंघनात तर फोन कर, बेटा," एवढंच म्हणाल्या.

क्वार्टरला कुलूप लागलं. तळघराला सील. आत फक्त हितेंद्रने ओट्यावर बसवलेलं नवं डिजिटल यंत्र राहिलं. जुन्या रेघांशी ताडून बघायला त्याची नोंद थेट जळगावच्या ऑफिसात यायची.

तिसऱ्या सकाळी भूमिकाने कॉम्प्युटर उघडला आणि चहाचा कप तसाच हातात राहिला.

तीन ठोके...

मग मोठं, लहान. मोठं, लहान.

खुणा बारीक होत गेल्या. पावलं बाहेर जात होती.

तिने हितेंद्रला बोलावलं. तो म्हणाला, उंदीर असेल. एका पायाने लंगडणारा उंदीर! धुळ्याहून माणूस पाठवला. सील शाबूत होतं. क्वार्टरचं कुलूपही.

दुसऱ्या दिवशी पावलं गेली... आणि परत आली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तळघरातून बाहेर, थोडा वेळ शांतता, पुन्हा आत. मग तर दिवसभर येरझारा सुरू झाल्या.

भूमिकाला कळायला वेळ लागला नाही. अभिमन घरी जात होते. दाराला कुलूप बघून परत येत होते.

बायकोच्या हाकेला ते आले होते आणि बायको तिथे नव्हती. भूमिकाला रडू फुटलं. आपणच कागद दाखवला, आपणच त्यांना जागं केलं, असं तिला वाटत राहिलं. जेवण सुटलं. घरात बसल्या बसल्या तिचा पाय नकळत हलायचा. मोठा, लहान.

रविवारी प्रमिलाबाईंचा फोन आला.

"निंघनात का, बेटा?"

खरं सांगितलं असतं तर म्हातारी त्या उन्हात सील केलेल्या दारापाशी जाऊन बसली असती. भूमिका म्हणाली, "नाही, अक्का."

सोमवारी सकाळी नोंद आली. पावलं बाहेर गेली.

परत आली नाहीत.

मंगळवारी रेघ सरळ. बुधवारीही. हितेंद्र खूश झाला, म्हणाला, यंत्र सुधारलं. भूमिका मात्र दर तासाला नोंद उघडून बघत होती. कुठे गेले असतील?

रविवारी पुन्हा फोन. दुपारचीच वेळ. दीपककडचे सगळे लग्नाला गेले होते, प्रमिलाबाई घरात एकट्याच. आंब्याचं लोणचं घातलं, गरमी किती, असं बोलणं चाललं होतं. भूमिका हो हो म्हणत होती.

आणि तिला फोनमधून ऐकू आलं...

टक.

टक.

टक.

"थांब बेटा," प्रमिलाबाई म्हणाल्या, "कोन्ही दार वाजाडी राहयनं."

"अक्का! अक्का, थांबा, उघडू नका!"

पण फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. त्यांच्या पावलांचा आवाज नाही. तो कधीच नसायचा.

कडी निघाली.

मग फरशीवर, अनवाणी... एक जड पाऊल, एक हलकं. एक जड, एक हलकं.

आणि प्रमिलाबाईंचा आवाज. नव्या नवरीसारखा लाजरा, थोडा रागावलेला.

"उनात का घर? भलता उशीर करा."

फोन कट झाला.

भूमिकाने दीपकला दहा वेळा फोन लावला. संध्याकाळी त्याने उचलला. अक्का मजेत आहे म्हणाला. उलट कधी नव्हे ती गाणं गुणगुणतेय. फक्त चहा दोन कप करते, आणि गाठोड्यातल्या त्या जुन्या चपला तिने दारात काढून ठेवल्यात.

"ताई, एक विचारू का?" तो म्हणाला. "त्या चपलांत आतून काजळी कशी लागली?"

भूमिकाने ती नोकरी सोडली.

परवा तिच्या घरी गेलो होतो. ती हल्ली पाय न वाजवता चालते. मी कारण विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोज 'या आबा' म्हणून हाक मीही मारली होती ना, दादा... मला ऐकू यायला नको का, इथे कोणी आलं तर?"