कारवीच्या वाटेवरची मुकी जीप

सपाटीवर हरणीसारखी पळणारी जीप चढ लागला की खोकायची आणि मरायची. असं का? कावेरीला हे कोडं उन्हं तापायच्या आत सुटायला हवं होतं. मागे हौद्यात वीस मधपेट्या होत्या, दारांना जाळ्या लावलेल्या. सात वर्षांनी पठारावर कारवी फुलली होती. माश्यांना तिथंच न्यायचं होतं. विजेचा ट्रक दूरच्या खोऱ्यात गेलेला. घाटातल्या दुसऱ्या वळणावर असंच अडकून राहिलं, तर दहाच्या उन्हात बंद पेट्यांतल्या माश्या गुदमरणार होत्या.

"पंप मेला," भिंगरीनं जाहीर केलं. भिंगरी म्हणजे कावेरीच्या ढोपराएवढी यंत्रमदतनीस. नव्या गाड्या आपलं दुखणं तिला स्वतःच सांगत. ही साठ वर्षांची जीप मात्र मुकी.

"मेला कसा? आधी ऐक तरी!" यमुनाआत्या म्हणाली. मधमाश्या पाळायला लागण्यापूर्वी ती इंजिनं घडवायची. तिनं इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली. टाकीतून दोन क्षण आवाज आला, "घूंऽऽ."

इंधनपंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारी छोटी मोटर) चालू होता.

"गातोय की!" कावेरी टाळी वाजवत म्हणाली.

"गातोय गं. पण गाणाऱ्यात दम किती, ते एवढ्यावरून कळायचं नाही. दाब बघू. भिंगरे, ते माश्यांना शांत करायचं पेटतं धुराडं उचल आणि पार त्या वळणापलीकडे ठेव. पेट्रोलजवळ ठिणगी नको."

आत्यानं नळीतला दाब आधी सोडला, मग इंजिनाजवळ दाबमापक (पेट्रोल नळीला किती जोरानं रेटतंय ते दाखवणारी तबकडी) जोडला. इंजिन हळू चालताना काटा तीनवर. आत्यानं पेडल दाबलं, तशी इंजिनाची घरघर वाढली आणि काटा घसरत दीडवर आला.

"सपाटीवर इंजिन घोट घोट पितं," आत्या म्हणाली. "चढावर घटाघटा. तेव्हाच कमी पडतंय."

"म्हणजे पंप दमला. मी म्हटलंच होतं," भिंगरी म्हणाली.

कावेरीला ताक प्यायची नळी आठवली. नळीत कढीपत्ता अडकला, तर हळू ओढताना ताक येतं, जोरात ओढलं की अडतं. त्यात ओढणाऱ्याचा काय दोष?

"आत्या, मधे काही अडलं असेल तर? वाटेत काय काय आहे?"

"फिल्टर (कचरा अडवणारी गाळणी)."

"मग गाळणीच्या अलीकडे मोजू या! तिथंही दाब पडला, तर पंप दमलाय. नाही पडला, तर गाळणी तुंबलीय."

आत्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "शाबास गं माझे बाई!"

इंजिन बंद करून दाबमापक गाळणीच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला जोडला. पुन्हा घरघर वाढवली. काटा तीनवरून खाली येईना.

पंप निर्दोष सुटला. आत्यानं गाळणी काढून उलटी केली. आतून पिवळसर कण पडले, मऊ, बोटाला चिकटणारे. कावेरीनं वास घेतला. पेट्रोलमागून पोळ्याचा ओळखीचा वास आला, आणि तिचा चेहरा उतरला.

"आत्या... काल पेट्रोल मी ओतलं ना? ते नरसाळं मेणाच्या खोलीतलं होतं."

आत्या खळखळून हसली. "अगं, तू जीपच्या पोटात पोळंच बांधलंस की! बरं झालं बोललीस. नाहीतर नवी गाळणी बसवून मी निर्धास्त राहिले असते, आणि उद्या हेच पुन्हा."

"माझ्या यादीत मेण नव्हतं," भिंगरी हळूच म्हणाली. "आता लिहिते."

हत्यारांच्या पेटीत एक जुनी, कोरी गाळणी होती. "खाली गेल्यावर टाकी धुऊ. वर पोचायला ही पुरेल," आत्या म्हणाली. नळ्या घट्ट झाल्या, कुठं थेंब गळत नाही ना, ते दोघींनी पाहिलं, आणि जीपनं चढाला छाती लावली. आत्या गुणगुणू लागली,

"चढ चढ गं बाई, नको वळणाला भिऊ,
निळ्या निळ्या माळावर कारवीचा मध पिऊ."

साडेनऊला जाळ्या उघडल्या. माश्या निळ्या फुलांवर सांडल्या.

"पुढच्या फुलोऱ्याला तू अठरा वर्षांची असशील," आत्या म्हणाली.

"मग शिकाऊ परवाना! गाडी मी चालवणार. आणि पेट्रोलचं नरसाळं आजच लाल रंगवणार."

भिंगरीनं तेही लिहून घेतलं.