मूळ नकाशाप्रमाणे

"माझ्या भावानं बाबांना जिन्यावरून ढकललं, एवढंच मला सिद्ध करून हवंय. बाकी काही शोधू नका."

एवढं बोलून ताई खुर्चीत ताठ बसून राहिल्या. आवाज चढला नाही की उतरला नाही. इस्त्रीचे कपडे कधी मिळतील हे विचारावं, तसा आवाज.

ओव्हरसियरबाईंनी पेन खाली ठेवलं. बांधकाम खात्यात तीस वर्षं काढून त्या खासगी तपासाच्या फंदात पडल्या होत्या आणि गाव अजून त्यांना हुद्द्यानंच ओळखत होतं. शेजारी त्यांचे दीर बसले होते, निवृत्त कंपाउंडर. भाऊजी वही सांभाळत, पत्ते लक्षात ठेवत आणि दर वेळी हमखास चुकीचा माणूस पकडत.

"आज चार वाजता मी ठाण्यावर सही करणार आहे," ताई म्हणाल्या. "सही झाली की त्याच्यावर गुन्हा दाखल होईल. फौजदार म्हणाले, नीट विचार करून या. तीन आठवडे झाले, विचार करून झालाय."

"मग आमच्याकडे कशाला आलात?"

"तो सुटायला नको."

बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेदहा वाजले होते.

घर दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर होतं. दुमजली, जाड दगडी भिंतींचं, एकशे पंधरा वर्षांचं. ताईंचे पणजोबा डॉक्टर. त्यांनी खाली दवाखाना आणि वर बिऱ्हाड अशा बेतानं ते बांधलं होतं. आत शिरताना भाऊजी उंबऱ्याला अडखळले.

"सांभाळा," बाई म्हणाल्या. "सपाट रस्त्यावरही पडणारे तुम्ही."

ताई शहरातल्या कॉलेजात इतिहास शिकवत. पंचवीस वर्षं त्या तिकडेच होत्या. घराबद्दल बोलायला लागल्यावर मात्र त्यांच्या आवाजात थोडा जीव आला. कपाटातून त्यांनी पणजोबांच्या हातचा नकाशा काढला. कागद पिवळा पडला होता, पण रेघा स्वच्छ होत्या.

"घराची पार रया गेली होती. प्रत्येक पिढीनं काहीतरी ठिगळ लावलेलं. मी ठरवलं, सगळं मूळ नकाशाप्रमाणे करायचं. पत्र्याची पडवी काढली. तैलरंग खरवडून लाकूड मोकळं केलं. दवाखान्याचं कपाट सापडलं, ते जागेवर बसवलं. पुराच्या वर्षानंतर आजोबांनी दिवाणखान्यात जमिनीवर सिमेंटचा कोबा घातला होता, तो उखडला, तर खाली पणजोबांची निळी फरशी जशीच्या तशी. खांबाचे दगडी पाय त्यात बुडाले होते, तेही वर आले. छताच्या तुळया धुतल्या. बाबा ऐंशी पार झाले होते. त्यांना त्यांचं घर परत द्यायचं होतं मला."

"त्यांना दिसत होतं?"

"नाही. काचबिंदू. बारा वर्षं काही दिसत नव्हतं. पण घरात कुणाचा हात धरायचे नाहीत. याच घरात जन्मले, इथेच राहिले."

काम चाललं तेवढे तीन महिने बाबा शहरात ताईंकडे होते, आणि धाकटा भाऊ बायकोसह पलीकडच्या गल्लीत भाड्यानं. काम संपल्यावर सगळे एकाच संध्याकाळी परतले. प्रवासानं बाबा थकले होते, म्हणून त्यांना खुर्चीत बसवून वर नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते दिवाणखान्यात, जिन्याच्या पायथ्याशी मरून पडलेले सापडले. कपाळ खांबाच्या दगडावर आपटलं होतं.

भाऊजींनी पंचनामा मोठ्यानं वाचला. "लाकडी जिना, सरळ, सतरा पायऱ्या. प्रत्येकीची उंची मोजली, सात इंच. कठडा मजबूत. जिन्यात दोष नाही."

"सगळ्या सात?" बाईंनी विचारलं.

"सगळ्या."

"एवढ्या जुन्या जिन्यात? नशीबच म्हणायचं."

"तेच तर मी म्हणतेय," ताई म्हणाल्या. "जिना चांगला, पाय सवयीचे. मग माणूस आपोआप पडतो? आदल्या रात्री घर विकण्यावरून दोघांचं वाजलं होतं. धाकट्याला विकायचं होतं. बाबा म्हणाले, माझ्या मढ्यावरून विक. मी स्वतः ऐकलं."

"शवविच्छेदनात काय आलं?"

"कपाळावर जखम आणि उजवं मनगट मोडलेलं. बाकी अंगावर खरचटलेलंसुद्धा नाही. किती जोरात ढकललं असेल विचार करा, एका झेपेत थेट खाली."

पंचनाम्यानंतर ताईंनी जिन्याच्या वरच्या दाराला कुलूप घातलं होतं. तेव्हापासून घरची माणसं मागच्या लोखंडी जिन्यानं जा-ये करत. ओव्हरसियरबाईंनी कुलूप काढायला लावलं.

धाकटा वर खिडकीशी बसला होता. पन्नाशीचा, दाढी वाढलेली. छापखान्यात कामाला होता, पण तीन आठवडे गेला नव्हता.

"तुम्ही ढकललंत का वडिलांना?" बाईंनी सरळच विचारलं.

"नाही."

"मग कसे पडले?"

"माहीत नाही. मी माझ्या खोलीत होतो. आवाज आला. धावत खाली गेलो आणि मीही पडलो, त्यांच्या अंगावर. माझ्या सदऱ्याला रक्त लागलं ते तेव्हाच." तो पुढे म्हणाला, "घाईत पडलो असेन. कुणाला पटत नाही. रोज सकाळी मी त्यांच्या पुढे एक पायरी उतरायचो. त्या दिवशी रागात होतो, गेलो नाही. त्यामुळे ताई म्हणते त्यात चूक नाही फारशी."

भाऊजींनी वहीत 'कबुली?' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

सगळे त्या जिन्यानं खाली निघाले. भाऊजी सर्वांत पुढे होते, वहीत नाक खुपसून, आणि तरीही सुखरूप उतरले. मागून येणाऱ्या धाकट्याचा शेवटच्या पायरीवर झोक गेला. त्यानं कठडा गच्च धरला.

ताई भाऊजींच्या कानाशी लागल्या. "पाहिलंत? पाय कापतात त्याचे त्या जागी."

धाकट्याची बायको स्वयंपाकघरात होती. बाई पुन्हा वर गेल्या आणि तिलाही मागच्या जिन्यानं वर बोलावून घेतलं.

"त्या सकाळी मी मागच्या जिन्यानं उतरले होते, खाली कणीक मळत होते. मामंजी उतरताना पायऱ्या मोजायचे, हलक्या आवाजात. दिसेनासं झाल्यापासून सवय. मला ऐकू यायचं, मग मी चहा टाकायचे."

"त्या दिवशी ऐकू आलं?"

"हो. सोळापर्यंत. मी पातेलं उचललं आणि धप्पकन आवाज झाला."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"वन्सं म्हणाल्या, नवऱ्याला वाचवायला काहीही सांगशील. मग मी गप्पच बसले."

तिला पाण्याचा तांब्या घेऊन पुढच्या जिन्यानं उतरायला सांगितलं. सोळा पायऱ्या ती न बघता उतरली. सतरावी उतरताना अख्खा तांब्या साडीवर सांडला.

"हिचीही तीच गत!" भाऊजी कुजबुजले. "वहिनी, दोघं सामील आहेत. लिहून घ्या."

"तुम्ही लिहा, वही तुमच्याकडे आहे. आता घराचं काम केलेल्या आर्किटेक्टला फोन लावा."

आर्किटेक्ट अर्ध्या तासात आला. तरुण, नीटनेटका, घामाघूम. घर विकलं गेलं असतं तर त्याचं काम पाडलं गेलं असतं, हे त्यानंच आधी सांगून टाकलं. मृत्यूच्या सकाळी तो दुसऱ्या गावी होता, सोबत चार गवंडी होते.

"जिन्याला हात लावलात?"

"अजिबात नाही. जिना उत्तम होता. तो तेवढा सोडून दिला."

"आणि ही दारं? खाली फिक्या लाकडाची पट्टी दिसतेय."

"फरशी खाली गेली ना. दारांखाली फट पडली, साडेतीन इंचांची. म्हणून जोड दिला."

बाई दाराशी वाकल्या. पट्टीवरून बोट फिरवून त्या उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरलेला भाऊजींनी प्रथमच पाहिला.

"सगळ्यांना बसायला सांगा," त्या म्हणाल्या.

दिवाणखान्यात पाच खुर्च्या मांडल्या गेल्या. धाकटा मात्र दाराजवळच्या बाकावर बसला. अडीच वाजले होते.

"ताई, हे तुम्हाला एकटीला सांगू का?"

"सगळ्यांसमोर सांगा. मी लपवण्यासारखं काही केलेलं नाही."

ओव्हरसियरबाईंनी मान हलवली. "बाबा वरून पडले नाहीत. सतरा पायऱ्या गडगडलेल्या म्हाताऱ्या माणसाचे गुडघे, कोपरं, पाठ सोलून निघते. इथे फक्त कपाळ आणि मनगट. सूनबाईंनी सोळापर्यंत मोजणी ऐकली. म्हणजे बाबा सोळाव्या पायरीवर धड उभे होते आणि शेवटची उतरताना गेले. ढकलणारा असता तर तो तिथेच हवा होता. धाकटे वरून धावत आले आणि त्याच जागी पडले. आज पुन्हा त्याच जागी त्यांचा झोक गेला. सूनबाईंचाही गेला."

"गुन्हेगार माणूस त्या जागी..." भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, तुम्ही का नाही पडलात?"

भाऊजींनी आपल्या पायांकडे पाहिलं.

"वाईट पायरीवर परका माणूस पडतो, घरचा सावरतो. इथे उलटं झालंय. परका सुखरूप उतरतो आणि घरचे पडतात. म्हणजे पायरी वाईट नाही. पायरी बदललीय."

"जिन्याला मी हात लावला नाही," आर्किटेक्ट पुटपुटला.

"जिन्याला नाही. जमिनीला लावलात. पुरानंतर आजोबांनी साडेतीन इंच कोबा घातला, तेव्हा शेवटची पायरी अर्धी बुडाली. सोळा पायऱ्या सात-सात इंचांच्या, सतरावी साडेतीन. तेव्हा बाबा किती वर्षांचे होते?"

"सात," धाकटा बाकावरून म्हणाला.

"म्हणजे पंच्याहत्तर वर्षांहून जास्त त्यांचा पाय रोज त्या अर्ध्या पायरीवर उतरला. डोळे गेल्यावर तर सगळा भरवसा पायावरच. तीन महिन्यांनी ते घरी आले. वर गेले ते खुर्चीतून, त्यामुळे पायाला काही कळलं नाही. सकाळी सतरा म्हणायच्या आधी त्यांनी पाय टाकला. जमीन असायला हवी तिथे नव्हती. समोर खांबाचा दगड होता, तोही कोबा निघाल्यामुळे वर आलेला. पंचांनी पायऱ्या मोजल्या त्या आजच्या. आज जिना निर्दोष आहे, नकाशात आहे तसाच."

मागच्या अंगणात नळ ठिबकत होता.

"मी नाही अडखळले," ताई म्हणाल्या.

"पंचवीस वर्षं तुम्ही इथे राहत नाही. तुमच्या पायाला आठवत नाही."

ताईंनी गुडघ्यावरचा नकाशा गुंडाळला. गुंडाळी सारखी होईना, म्हणून उलगडून पुन्हा गुंडाळली.

"कोबा काढा म्हणून मी लेखी दिलं होतं. यांनी दोनदा विचारलं, काढायचाच का? मी हट्ट धरला." आर्किटेक्टकडे त्यांनी पाहिलं नाही. "सही कुणाच्या नावानं करू मग?"

"कुणाच्याच नाही. हा गुन्हा नाही."

"मला गुन्हा असता तर बरं वाटलं असतं."

बाईंनी भाऊजींना खूण केली. आर्किटेक्ट आधीच निसटला होता; सूनबाई आत गेली. दोघं ओसरीवर चपला घालत असताना आतून ताईंचा आवाज आला.

"मला रडू का येत नाही रे?"

"येईल," धाकटा म्हणाला. "मलाही अजून आलेलं नाही."

"माहितीये."

"स्मशानात सगळ्यांसमोर तू म्हणालीस, बघा, बाप गेला तरी याच्या डोळ्यांत टिपूस नाही, यानंच मारलं. तेव्हाही मी आतून प्रयत्न करत होतो गं. येतच नव्हतं."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भाऊजींनी न राहवून मागे पाहिलं. ताई बाकावर धाकट्याशेजारी जाऊन बसल्या होत्या, मध्ये हातभर जागा सोडून, आणि दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते.